दारं नसलेला नकाशा

बापू, तुझी शोकसभा चांगली झाली. तुला आवडली असती. खुर्च्या कमी पडल्या. माईक दोनदा बंद पडला, आणि जन्मभर दुसऱ्यांच्या घरात वीज पोचवणाऱ्या माणसाच्या सभेत एकाला वायर धरून हलवत उभं राहावं लागलं. मला हसू आलं. मी शेवटच्या रांगेत भिंतीला लागून बसले होते आणि तोंडाला पदर होता, त्यामुळे ते रडण्यातच धरलं गेलं.

समोर तुझा फ्लेक्स. तू कॉम्प्युटरपुढे बसलेला, हात माऊसवर, नजर लांब कुठेतरी. फोटोवाला आला होता तेव्हा तू म्हणालास, "आक्का, जरा ऊठ गं, पाच मिन्टं." मी उठले. खुर्ची माझ्या उंचीला लावलेली होती, तुझे गुडघे टेबलाला टेकले, तसेच ते फ्लेक्सवर दिसतात. पाच मिनिटांनी तू उठलास आणि मी परत बसले. त्या पाच मिनिटांखाली आता लिहिलंय, 'विद्युत आराखड्यांचा जादूगार'. सुनंदा तरी काय करणार? बायकोला नवऱ्याचं जे दिसतं ते ती छापणार.

जादू काय होती ते आपल्या दोघांनाच माहीत आहे. आर्किटेक्टकडून बिल्डिंगचा नकाशा येतो, त्यांच्या नव्या प्रोग्रॅममध्ये काढलेला. आपला प्रोग्रॅम जुना. तो नवी फाईल उघडतच नाही, पडद्यावर एक चौकोन येतो आणि नाही म्हणतो. मग ती फाईल दुसऱ्या एका फुकटच्या प्रोग्रॅममध्ये घालायची, जुन्या सालाची करून काढायची, याला कन्व्हर्ट करणं म्हणायचं, मग उघडायची. त्यातली झाडं, पलंग, सोफे, फरशीच्या रेघा उचलून टाकायच्या. भिंती राखाडी करायच्या. माप जागेवर आहे का बघायचं. मग त्या राखाडी भिंतींवर तू येऊन लाल रंगात दिवे, पंखे, बटणांचे बोर्ड मांडायचास आणि खाली सही करायचास. राखाडी माझं, लाल तुझं. लोकांना लाल दिसायचं. राखाडी दिसू नये म्हणूनच राखाडी केलेलं असतं, हेही तूच मला सांगितलं होतंस.

शिकवलंस तू, हे नाकारत नाही. आमचे मालक गेल्यावर सासरी माझं काही उरलं नव्हतं. तू आटपाडीला आलास, कुणाशी एक शब्द न बोलता माझी ट्रंक उचललीस आणि कराडला घेऊन आलास. महिनाभर मी ऑफिस झाडलं, चहा केला. मग तुझ्याकडे कॉम्प्युटरवर बसणाऱ्या मुलीचं लग्न झालं आणि ती गेली. तू मला तिच्या खुर्चीवर बसवलंस.

"मला चौथीपातुर येतंय रं," मी म्हणाले. "ह्यात समदं इंग्रजी."

"वाचायचं न्हाईच, आक्का. बघायचं. आपल्या आबांच्या मेंढरात एक कमी आसलं की तुला मोजायच्या आदी कळायचं का न्हाई? हितंबी तसंच."

माझ्या हातावर हात ठेवून तू माऊस फिरवलास. तीन दिवस एकदाही न चिडता शिकवलंस. तीन दिवस सलग तू नंतर कुणावरच न चिडता राहिला नसशील. पुढे मला एका रेघेच्या दोन दिसायला लागल्या तेव्हा तू तीन चष्मे पिशवीत घालून आणलेस आणि टेबलावर ओतलेस. "बघ कुठला बसतोय." डोळ्याच्या डॉक्टरकडे नेलं नाहीस. तिथे चार प्रश्न विचारतात, आपल्यालाही विचारावे लागतात. मधला चष्मा बसला. अजून तोच आहे.

आणि मग एक दिवस म्हणालास, "आक्का, लोकांच्या म्होरं मला बापू म्हणू नको. साहेब म्हण." तीन वर्षांनी लहान तू. ओढ्यावर तुझी लंगोटी मी धुतलेली. मला साहेब म्हणता आलं नाही आणि बापू म्हणायची बंदी झाली. अकरा वर्षं मी तुला ऑफिसात कशानेच हाक मारली नाही. काही सांगायचं असेल तर खोकायचे. तू वळून बघायचास. बाहेरच्यांना वाटायचं या बाईला दमा आहे.

तू शिकवलेल्यात एकच गोष्ट खरी शहाणपणाची होती. कन्व्हर्ट करताना नकाशाचं माप बदलतं, फुटाचं इंचात जातं, इंचाचं मिलिमीटरमध्ये, आणि सगळंच एकसारखं वाढतं म्हणून डोळ्याला कळत नाही. "मग दार धर," तू म्हणालास. "खोली ल्हान आसती, मोठी आसती. दार मानूस जाईल एवढंच आसतंय. दार मोज. नऊशेच्या आसपास आलं की मिलिमीटर, छत्तीस आलं की इंच." त्या दिवसापासून मी प्रत्येक नकाशाचं आधी दार मोजलं. बंगला असो, बँक असो, कारखान्यातल्या लोकांच्या चाळी असोत. मालकाचं नाव मला माहीत नसायचं, पण त्याच्या घराचं दार कुणीकडे उघडतं ते माहीत असायचं.

म्हणून खंडाळ्याकडच्या मुलींच्या वसतिगृहाची फाईल आली तेव्हा मला पहिल्या मिनिटात कळलं.

सांगलीच्या आर्किटेक्ट मॅडमचं ते तुझ्याकडे आलेलं पहिलं काम. तू नवा शर्ट घालून सांगलीला जाऊन ते आणलं होतंस. मी फाईल जुन्या सालाची केली, उघडली, मोजायला दार शोधलं. दार नाही. एकही नाही. भिंतीत नुसत्या मोकळ्या जागा. खिडक्याही नाहीत. नकाशाच्या मधोमध एक बारीक इंग्रजी ओळ पडलेली, बाकी काही नाही. मी खोकले.

"ह्यात दारं न्हाईत."

"दारं सुतार करतोय. आपलं काम विजेचं."

"दार कुनीकडं उघडतंय त्याच्यावर बोर्ड ठरतंय. तूच सांगितलंस."

तू वाकून बघितलंस. तोंड पडद्याजवळ नेलंस. "कन्व्हर्टात गेली आस्त्याल."

"भित्ती आल्या, जिने आले, संडास आले. दारंच कशी गेली? आन् ही वळ कसली हाय?"

"कचरा हाय त्यो. पूस."

"मॅडमला इचार की."

तेव्हा तू ऑफिसचं दार लोटून घेतलंस आणि हळू आवाजात बोललास. चोरी करताना बोलतात तसं. "इचारू? काय म्हन्त्याल त्या? ह्येंना साधी फाईल उघडाय येत न्हाई. सगळं नवं हाय आमच्याकडं आसं सांगून काम आनलंय म्या."

मग तू स्वतः एक दार काढलंस आणि ते बेचाळीस खोल्यांना चिकटवलंस. सगळी एकाच बाजूला उघडणारी, कवायतीला उभी केल्यासारखी. मी मागे उभी राहून बघत होते. खऱ्या घरात असं कधी नसतं. दोन खोल्या शेजारी आल्या की एकीचं दार डावीकडे उघडतं, एकीचं उजवीकडे. तोवर मी उघडलेला एकही नकाशा तसा नव्हता. हे मला कळत होतं आणि डिप्लोमा झालेल्या माणसाला कळत नव्हतं. मी पुन्हा खोकले. तू वळला नाहीस.

पुढचं तुला आठवतं. सुतारांनी दारं बसवली ती मॅडमच्या नकाशाप्रमाणे. निम्म्या खोल्यांत बोर्ड दाराच्या मागे गेले. पोरीने खोलीत शिरायचं, अंधारात दार लावून घ्यायचं, मग त्याच्यामागे चाचपून दिवा लावायचा. कुणीतरी त्याचे फोटो काढून मॅडमना पाठवले आणि मॅडमचा तुला फोन आला. मी चहाचा कप घेऊन टेबलाशी उभी होते.

"नाही नाही, मॅडम," तू म्हणालास. फोनवर तुझी भाषा लगेच कपडे बदलायची. "आमच्याकडे एक बाई आहेत. कमी शिकलेल्या. दया येऊन ठेवलं होतं. कन्व्हर्ट करताना त्यांनी दारं उडवली. हो, हो. आजच काढून टाकतो मी त्यांना. शुअर, मॅडम."

बोलताना तू माझ्याकडे बघत होतास आणि ओठावर बोट ठेवलं होतंस. मी काही बोलणार नव्हते, बापू. मी कधी बोलले होते? तरी तू बोट ठेवलंस. फोन ठेवल्यावर कप घेतलास, एक घोट प्यालास आणि म्हणालास, "धंद्यात आसं बोलावं लागतंय, आक्का. तुजं काय जातंय त्यात? तुला कोन वळखतंय?"

तुला कोण ओळखतंय. हे तू रागाने म्हणाला असतास तर मी विसरले असते. तू समजूत घालत होतास.

त्यानंतर मॅडम दोनदा कराडला आल्या. दोन्ही वेळा मी मागच्या खोलीत भांड्यांपाशी बसून राहिले, कारण मला काढून टाकलेलं होतं. सुनंदा बाहेर चहा देत होती. एकदा मॅडमनी विचारलं, "कन्व्हर्टिंग आता कोण करतं?" आणि तू म्हणालास, "मी स्वतः बघतो." मी आत बशी पुसत होते. बशी कोरडी झाली तरी पुसत होते.

कधी कधी रविवारी तू मला गाडीवर मागे बसवून एखाद्या पुऱ्या झालेल्या बिल्डिंगपुढे न्यायचास. दिवेलागणीला खिडक्या एकेक करून उजळायच्या आणि तू म्हणायचास, "आक्का, हे आपलं हाय." आपलं. आजूबाजूला कुणी नसताना आपलं. रस्त्यावरून ओळखीचा माणूस गेला की लगेच, "हे मी केलंय बरं का." मला ते रविवार आवडायचे, हे लिहिताना मला स्वतःचाच राग येतो. एवढ्याशावर मी खूश व्हायचे. गाडी परत वळली की वाटेत भजी घ्यायचास आणि मिरचीची आधी मला द्यायचास. तुझ्यातला तेवढा भाग बरा होता. तो नेमका भजीच्या गाड्यावरच बाहेर यायचा.

तुला विचारायची लाज का वाटायची ते मला माहीत आहे. तूच सांगितलं होतंस. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला वर्गात उभं राहून तू काहीतरी विचारलंस, आपल्याकडच्या बोलण्यात, "सर, ह्ये कसं वो झालं?" आणि सगळा वर्ग हसला. सरही हसले. त्यानंतर तीन वर्षं तू वर्गात तोंड उघडलं नाहीस. त्या सुट्टीत घरी आलास तेव्हा वाडग्यात मेंढरांमध्ये जाऊन बसलास आणि मला म्हणालास, "आक्का, तू शिकली न्हाईस ते बरं झालं." मला त्या दिवशी तुझी दया आली होती. आता येत नाही. एका वर्गात पन्नास पोरं हसली, त्याचं तू जन्मभराचं दुखणं करून ठेवलंस, आणि ते औषध म्हणून रोज मला उगाळून प्यालास. हसं होणारच असेल तर आक्काचं होऊ दे, तिला सवय आहे. हा तुझा हिशोब. मीही शहाणी, मी तो चालू दिला.

आता सभेचं पुढचं सांगते. आपला वायरमन हणमंत बोलायला उभा राहिला. तुझ्या हाताखाली इतकी वर्षं भिंतीला झिऱ्या मारून, म्हणजे खाचा पाडून, त्यात पाईप टाकणारा माणूस, रडून त्याचा आवाज बसला होता. तो म्हणाला, "सायेब म्हंजे देवमानूस. खंडाळ्याला घरच्याच मानसानं घोळ घातला हुता. दुसरा आसता तर हाकलून दिलं आसतं. सायबांनी कुनाचं नाव फुटू दिलं न्हाई. सोता उनात उभं ऱ्हाऊन भित्ती परत फोडून घेतल्या. येवढं मोठं मन हुतं बगा."

नाव फुटू दिलं नाही, आणि सगळ्यांच्या माना मागे वळल्या. पार शेवटच्या रांगेपर्यंत. एक म्हातारी माझा हात धरून म्हणाली, "नशीबवान हायस बाई, असा भाऊ मिळाला." म्हणजे तू मॅडमना एक सांगितलं होतंस आणि हणमंताला वेगळं. तिकडे मी काढून टाकलेली बाई, इकडे मी पोटाशी धरलेली बहीण. दोन्हीकडे चूक माझी आणि मोठेपण तुझं. एका खोट्यातून एवढं काढणं, याला मात्र जादूगार म्हणायला हरकत नाही.

तरीही मी हे सगळं गिळलं असतं. मेलेल्या माणसाशी काय भांडायचं? पण आटपाडीचं काम तू अर्धं टाकून गेलास.

प्रसूतीच्या दवाखान्याचं काम. इतक्या वर्षांनी मॅडमनी पुन्हा तुझ्यावर विश्वास टाकला होता, कारण आता तू स्वतः बघत होतास. फाईल आली, मी कन्व्हर्ट केली, उघडली. पुन्हा तेच. भिंती आहेत, दारं नाहीत. मधोमध तशीच एक बारीक ओळ. मी खोकले नाही. मी तुला सरळ बापू म्हणाले, तू दचकलास, आठवतंय?

"बापू, ह्यातबी दारं न्हाईत. मॅडमला फोन लाव."

"परत तेच! आक्का, तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला दारं कळत्यात."

"दवाखान्याची दारं रुंद आसत्यात, भायेर उघडत्यात. येवढं म्हाईत हाय मला. मांडतो मी."

"खंडाळ्यालाबी मांडली हुतीस."

तुझं तोंड काळं पडलं. तू काहीतरी बोलणार होतास. मग किल्ली उचललीस, "चा ठिव," म्हणालास आणि खाली गेलास. मी चहा ठेवला. तू अर्ध्या तासाने आलास, गार चहा प्यालास, दारं अंदाजाने मांडलीस, त्यावर लाल बोर्ड मांडले, कागद काढून हणमंताकडे दिलेस. माझ्याशी बोलला नाहीस. दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलास. आपलं शेवटचं बोलणं 'चा ठिव'. त्याआधीचं तुझं न बोललेलं वाक्य काय होतं, ते मी तेरा दिवस शोधत होते. कधी वाटतं, चुकलं माझं म्हणणार होतास. मग वाटतं, तू? तू नाही म्हणणार.

तेराव्याला जेवणं झाल्यावर हणमंत सुनंदाला सांगत होता, "सायबांचं शेवटचं काम हाय, वहिनी. परवापास्नं झिऱ्या मारतो. एक रेग हलवनार न्हाई." सुनंदाने डोळ्याला पदर लावला. मी तिथेच ताटं उचलत होते आणि माझ्या डोळ्यांपुढे प्रसूतीची खोली आली. बाई आडवी पडलेली, कळा चाललेल्या, आणि नर्स मोठा दिवा लावायला दार ओढून घेऊन त्याच्यामागे हात घालतेय, तेवढ्यात बाहेरून दार कुणीतरी ढकललंय. आपल्याच गावाकडच्या बायका येणार तिथे. आपली चुलतभावजय येईल, माझ्या जावेची लेक येईल. वसतिगृहातल्या पोरींनी निदान फोटो तरी काढले होते.

आज सकाळी अकरा वाजता मी ऑफिस उघडलं. सुनंदा तुझ्या टेबलाचे खण आवरत होती. मी म्हणाले, मॅडमना फोन करायचाय.

"कशाला, वन्सं?" ती म्हणाली. "खंडाळ्याचं निघंल परत. ह्यांनी येवढं झाकून ठेवलंय तुमचं. आता तुमीच कशाला उकरताय?"

"माजं न्हाई झाकलं," मी म्हणाले. तिला कळलं नाही. मी फोन घेऊन मागच्या खोलीत गेले. काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं. तरी तीन वेळा नंबर लावून तोडला.

"हॅलो?"

"मी कराडहून बोलते. बापूंच्या ऑफिसातनं. मी त्यांची बहीण."

"हो का? फार वाईट झालं हो. पण बहीण आहे हे कधी बोलले नाहीत ते."

"फाईली मी कन्व्हर्ट करते."

"थांबा. खंडाळ्याच्या वेळच्या त्या बाई का? त्यांना तर काढलं होतं ना?"

"न्हाई. आतल्या खोलीत हुते." कागदावरचं संपलं होतं. "आटपाडीच्या फाईलीत दारं न्हाईत, मॅडम. खिडक्या न्हाईत. एक बारीक वळ हाय नुसती."

"वाचता का जरा?"

"शब्द येत न्हाई. अक्षरं सांगते." कॉम्प्युटरची बटणं दाबून दाबून अक्षरं मला ओळखू येतात. पहिली बरीच मी सांगितली, त्या नुसतं हं हं म्हणत होत्या. मग मी म्हणाले, "डी. ओ. ओ. आर. एस."

"अहो, तेच तर ते! डोअर्स. दारं! दारं-खिडक्या मी वेगळ्या फाईलीत ठेवते, डॉक्टर लोक रोज बदलायला लावतात म्हणून. ती फाईल सोबत नसली की तिथे तिचं नाव तेवढं दिसतं. माझ्याकडूनच पाठवायची राहिली. खंडाळ्यालाही राहिली असणार. कुणी मागितलीच नाही, मला वाटलं मिळाली. पाठवते, दोन मिनिटांत." आणि मग सहज म्हणाल्या, "तुमचा प्रोग्रॅम जुना आहे का? तसं असेल तर मी इथूनच जुन्या व्हर्जनला करून देत जाईन. एक क्लिक असतं फक्त."

मी फोन ठेवला आणि भांड्यांच्या खोलीत तशीच उभी राहिले.

तुला इंग्रजी येत होतं, बापू. तू तोंड पडद्याजवळ नेऊन ती ओळ बघितली होतीस. ती ओळ सांगत होती की दारं आहेत, दुसरीकडे आहेत, मागा. तू वाचलंस आणि मला म्हणालास, कचरा आहे, पूस. मी पुसलं. एवढी वर्षं मला वाटत होतं, तू घाईचा आहेस, गर्वाचा आहेस, पण निदान तुला माहीत नव्हतं. माहीत होतं. मग फोनवर ओठावर बोट ठेवलंस तेव्हाही माहीत होतं.

आणि ते एक क्लिक. अकरा वर्षं मी जे केलं ते त्या एका बोटाने करून देणार होत्या. तू कुणालाही एकदा विचारलं असतंस, तर ही जादू लागलीच नसती. मीही लागले नसते. मग मला ती खुर्ची मिळाली नसती, दारं मोजणं मिळालं नसतं, मी अजून आटपाडीला सासरच्यांची धुणी धूत बसले असते. तुझ्या लाजेत माझं पोट भरलं. याबद्दल तुला काय म्हणू? थोर म्हणवत नाही. नुसतं हलकटही म्हणवत नाही, आणि ते म्हणता आलं असतं तर मला फार बरं वाटलं असतं.

फाईल खरंच दोन मिनिटांत आली. मी ती जोडली आणि मोकळ्या जागांमध्ये दारं येऊन बसली. कुठलं डावीकडे, कुठलं उजवीकडे, प्रसूतीच्या खोलीचं दोन झडपांचं, एक झडप मोठी, एक लहान. अकरा बोर्ड तू दारामागे टाकले होतेस. मी ते एकेक उचलून बरोबर बाजूला ठेवले. लाल रंगात. तुझ्या रंगाला मी पहिल्यांदा हात लावला. सुनंदा मागे येऊन उभी राहिली होती. ती बराच वेळ पडद्याकडे बघत होती. मग माझ्यासाठी चहा करायला गेली.

हणमंताला फोन लावला. तो आटपाडीलाच होता, मागे मशीन चाललेलं ऐकू येत होतं.

"हणमंत, उद्या झिऱ्या मारू नको. नवा कागद येतोय. अकरा बोर्ड हलल्यात."

"न्हाई हां, आक्का. राग येऊ द्या नायतर काय. सायबांनी मांडलंय तसंच करनार म्या."

"दारं चुकीची धरल्यात त्यात."

"कुनी?"

या एका प्रश्नाच्या उत्तरापायी मी इतकी वर्षं मागच्या खोलीत बसले होते.

"बापूनं," मी म्हणाले. "बापूचं चुकलंय."

त्याने कुणाला तरी ओरडून मागचं मशीन बंद करायला लावलं. मग हळूच विचारलं, "मग खंडाळ्यालाबी?"

"व्हय."

"आन् म्या चार मानसांत... आक्का, तुमी बसला हुता की तितं."

"बसले हुते."

चांगला माणूस आहे हणमंत, तुझ्यावर जीव होता त्याचा, मला त्याचं वाईट वाटलं. शेवटी म्हणाला, "नवा कागद पाठवा. पर सायेब आसं का करत्याल वो?"

"त्याला इचारायची लाज वाटायची," मी म्हणाले.

एवढंच सांगितलं. तू ती ओळ वाचली होतीस, हे मी त्याला सांगितलं नाही. ते तुला सांगायचं होतं.